आधी नुकसान

९ मार्च

ठकू,

फोनवर बाबांचं नाव काढलंस तर फोन ठेवीन, म्हणालीस आणि खरोखरच ठेवलास. आता बघू पत्र कसं ठेवतेस. अर्धवट वाचलेलं काहीही तुला स्वस्थ बसू देत नाही, हे तू फ्रॉकमध्ये होतीस तेव्हापासून मला माहीत आहे. मावशीला एवढी भोळी समजू नकोस.

मला काय हवंय ते आधीच सांगून टाकते, म्हणजे संशयाने वाचायला नको. तू एकदा त्यांच्यासमोर येऊन उभी राहा. हवं तर भांड. चार शब्द सुनाव आणि परत जा. पण हे मुक्याने पाठ फिरवणं आता पुरे.

तुझी तक्रार मला पाठ आहे. आई गेली त्या सकाळी बाबांनी तुला फोन केला आणि बातम्या सांगितल्यासारखं सांगितलं, आई गेली, पहाटे, मी इस्पितळात आहे, तू ये. आवाज जराही हलला नाही. आणि तुझे डोळे सुकायच्या आत त्यांनी पक्षाचं तिकीट घेतलं. 'त्यांना आईपेक्षा मतदारसंघ मोठा', हे तुझं वाक्य. माझीही सख्खी बहीण गेली होती, ठकू. मलाही ते टोचलंच होतं. त्यामुळे मी भावोजींची वकिली करतेय असं मनात आणू नकोस.

तर काल ते आमदार म्हणून पहिल्यांदा सभागृहात बोलले. माझी जागा तुला ठाऊक आहे, अध्यक्षांच्या पुढ्यात, खाली, मधल्या टेबलाशी. सभागृहात जो जे बोलेल ते आम्ही प्रतिवेदक लघुलिपीत उतरवतो. दहा मिनिटं झाली की मागून दुसरी येऊन बसते आणि पहिली वर जाऊन टाइप करते. या टेबलाशी माझे केस पांढरे झाले. आमदारांचं मला फारसं कौतुक उरलेलं नाही. बहुतेकांच्या भाषणात पहिला अर्धा वेळ आभारात जातो, उरलेला पूर्वजांत, आणि मुद्दा यायच्या आत घंटा वाजते.

तुझे बाबा उठले. अध्यक्षांना 'सर' म्हणाले. सगळे हसले. मग त्यांनी सांगितलं, माझ्या भागात नदीच्या पलीकडे एक वस्ती आहे, होडी उलटून गेल्या वर्षी तिथली माणसं बुडाली. जागा अमुक घाट. पूल हवा. आणि बसले. अध्यक्ष चष्म्यावरून बघत राहिले. "झालं?" म्हणाले. "झालं, सर." समोरच्या बाकांवर विरोधी पक्षाच्या वकीलबाई आहेत, ज्यांच्या जिभेला मंत्रीसुद्धा टरकतात, त्या म्हणाल्या की या सभागृहात वेळ परत करणारा सदस्य त्या पहिल्यांदाच बघतायत. मी वर जाऊन टाइप केलं तर अर्धं पानही भरलं नाही. शेजारची विचारते, बाकीचं कुठे सांडलंस?

नंतर व्हरांड्यात मी त्यांना गाठलं. म्हटलं, भावोजी, निदान नमस्कार-चमत्कार तरी करायचे. तर म्हणाले, "फौजेत रिपोर्ट असाच देतात. आधी नुकसान, मग ठिकाण, मग काय हवं ते. लाइन कधी तुटेल सांगता येत नाही. तुटली तरी मोठी गोष्ट पोचलेली असते."

मला एकदम तुझा तो फोन आठवला. त्यावर मी काही बोलत नाही. तूच बघ.

तुझी मावशी


२२ जुलै

ठकू,

तुझं कार्ड मिळालं. एकच ओळ. 'सवयीला दुःखाचा मुलामा देऊ नकोस, मावशी.' वाक्य झकास आहे, माझ्या बहिणीची मुलगी शोभतेस. पण मुलामा देणं हा माझा धंदा नाही, बाई. मी उतरवून घेणारी.

म्हणून परवा रजा काढून त्यांचं जनसंपर्क कार्यालय स्वतः बघून आले. मनात म्हटलं, सभागृहात कुणीही चार घटका शहाण्यासारखा वागेल, घरच्या अंगणात कसे आहेत ते पाहावं. सायकल दुरुस्तीच्या दुकानावरची खोली आहे. वर जाणारा जिना इतका अरुंद की दोन माणसं समोरासमोर आली तर एकाने मागे जायचं. आमदारांच्या ऑफिसात असतात तसे सोफे नाहीत, हारातले फोटो नाहीत. बाकडी, पाण्याचा माठ, आणि भिंतीला नदीचा मोठा नकाशा. तुझ्या बाबांनी फौजेत जन्मभर पूल बांधले, त्यामुळे नदीचा कागद दिसला की गडी खूश.

येणाऱ्या प्रत्येकाला त्यांनी त्याच क्रमाने बोलायची सवय लावलीय, आणि गंमत म्हणजे लोकांना ती आवडलीय. एक आजी वर आल्या, धाप टाकत बसल्या आणि म्हणाल्या, "नुकसान, सून. ठिकाण, माझंच घर. तुम्ही येऊन तिला समजवा." मी पदर तोंडात धरला. तुझे बाबा हसले नाहीत. त्यांनी वेळ विचारली आणि संध्याकाळी खरोखर गेले. सुनेचंही ऐकून घेतलं. परत आल्यावर मला म्हणाले, नुकसान दोन्हीकडे आहे.

ठकू, मी थट्टा करायच्या तयारीने गेले होते. पण दिवसभर एका बाकड्यावर बसून बघत राहिले. शेवटचा माणूस उठेपर्यंत त्यांनी कुणाचं बोलणं तोडलं नाही आणि न होणारं काम होईल असं एकदाही म्हणाले नाहीत. "हे माझ्याच्याने होणार नाही," असं तोंडावर सांगत होते, आणि माणसं रागवायच्या ऐवजी मान हलवून जिना उतरत होती. इतक्या वर्षांत मी आश्वासनांच्या गोण्याच्या गोण्या टाइप केल्यात. नकार असा देता येतो हे मला ठाऊकच नव्हतं.

पूल मात्र ते सोडत नाहीत. बोलायला उठले की तेच तीन तुकडे, त्याच क्रमाने. सभागृहात त्यांचं नाव आता 'पूलवाले' पडलंय. त्यांच्या पक्षाचे प्रतोद, म्हणजे सदस्यांनी कधी हजर राहायचं आणि कुठे हात वर करायचा हे सांगणारे गृहस्थ, त्यांच्यावर खूश आहेत. सांगितलं की येतात, सांगितलं की बसतात. आदेश म्हटला की तुझे बाबा उलट विचारत नाहीत. तेवढं एकच मला त्यांचं आवडत नाही, हेही लिहून ठेवते.

तुझ्या उत्तरात निदान दोन ओळी असू देत.

मावशी


३० ऑगस्ट

ठकू,

दोन वर्षं मी तुला लिहिलं नाही. तू उत्तर दिलं नाहीस म्हणून मीही रुसून बसले होते. पण आज जे पाहिलं ते कुणाला तरी सांगितल्याशिवाय राहवणार नाही, आणि तुझ्याशिवाय मला सांगण्यासारखं माणूस नाही.

पूल मंजूर झाला होता, बांधूनही झाला. उन्हाळ्यात उद्घाटन झालं. तुझे बाबा कडेला उभे होते आणि आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांना उगाचच हसताना पाहिलं. परवा नदी भरली आणि पूल मधोमध खचला. भरदुपारी, लोक कामावरून परतत असताना. माणसं गेली, ठकू. त्यातले बरेच जण त्या सायकलच्या दुकानावरचा जिना चढून आलेले होते.

आज सभागृहात निवेदन होतं. सरकार त्यांच्याच पक्षाचं, पूल त्यांच्याच मंत्र्याच्या खात्याचा. सकाळी व्हरांड्यात प्रतोदांनी त्यांच्या हातात टाइप केलेला कागद दिलेला मी स्वतः पाहिला. पूर अभूतपूर्व होता, निसर्गापुढे कुणाचं चालत नाही, सरकार खंबीरपणे पाठीशी आहे, असा मजकूर. नंतर कळलं की कागदाबरोबर एक निरोपही होता. एवढं वाचा, पुढच्या विस्तारात राज्यमंत्री तुम्ही. तुझ्या बाबांनी कागदाची नीट चौपदरी घडी घातली आणि खिशात ठेवला. आदेश मोडणारा हा माणूस नव्हे, हे मला पक्कं ठाऊक होतं.

पाळी माझी होती. अध्यक्षांनी नाव पुकारलं. ते उठले. हात रिकामे, दोन्ही बाजूंना सरळ.

"नुकसान," ते म्हणाले, आणि गेलेल्यांची नावं सांगायला लागले.

नावं, ठकू. आकडा नाही. वडिलांच्या नावासकट, आडनावासकट, एकेक. सभागृहात नावं भरभर घेतात आणि मग आम्हाला चिठ्ठ्या पाठवून विचारत बसावं लागतं. यांनी एक नाव घेतलं की माझ्या पेनाकडे बघायचे. पेन कागदावरून उचललं की पुढचं. सगळं सभागृह माझ्या पेनासाठी थांबलं होतं. एकही नाव चुकू नये म्हणून. प्रतोद अर्धवट उठून बसा, बसा म्हणून खुणावत होते. यांचं तिकडे लक्षच नाही.

मग ठिकाण सांगितलं. आणि मग हे. मी लघुलिपीत उतरवलेलं जसंच्या तसं देते.

"हा पूल मी मागितला होता. ज्या दिवशी त्याच्यावर वजन टाकून तो तपासला, त्या दिवशी मी तिथे असायला हवा होतो. मला पुलातलं कळतं. पण त्या दिवशी मतदानासाठी इथे हजर राहायचा आदेश होता आणि मी तो पाळला. तो पाळायला नको होता. मागणी अशी की चौकशी व्हावी आणि तिच्यात पहिलं नाव माझं असावं. पलीकडची माणसं पुन्हा पायी नदी ओलांडेपर्यंत मी या जागेवर बसेन. त्यानंतर बसणार नाही."

आणि बसले. एरवी असल्या वेळी विरोधक बाकं डोक्यावर घेतात. आज वकीलबाईंच्या हातात भाषणाचे कागद होते, ते त्यांनी पालथे घातले. माझी दहा मिनिटं कधीच संपली होती. मागे दुसरी येऊन उभी होती, पण मला उठता येईना, आणि तिनेही मला उठवलं नाही.

आपल्याच बाकावरच्या माणसाने असं बोलल्यावर सरकारला चौकशी टाळता येईना. ती जाहीर झाली. वर आमच्या खोलीत दोनदा फोन आला, तेवढं आदेशाचं वाक्य गाळता येईल का म्हणून. गाळायचा अधिकार फक्त अध्यक्षांचा. अध्यक्षांनी गाळलं नाही. मी ते टाइप केलं, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा टाइप करताना उभी राहिले. का ते मला सांगता येणार नाही. बसून ते करवेना, एवढंच.

मावशी


११ डिसेंबर

ठकू,

तुझं पत्र! चक्क पत्र, दोन्ही बाजूंनी लिहिलेलं. बहुतेक मला दिलेल्या शिव्या आहेत, पण शेवटचा प्रश्न मी तीनदा वाचला. 'नावं घेताना खरंच थांबले होते का, की तू रंगवलंस?'

थांबले होते. शपथ.

त्यानंतर काय झालं तेही विचारलंयस, तर ऐक. पक्षाने त्यांना काढलं. बाक बदलला, आता ते अगदी मागे, कोपऱ्यात, खांबालगत बसतात. कालपर्यंत गळ्यात पडणारे व्हरांड्यात त्यांना पाहून चपलेचा पट्टा नीट करायला वाकतात. चौकशीत ठेकेदार आणि दोन अभियंते सापडले. तुझ्या बाबांवर ठपका नाही. हे कळल्यावर मी त्यांना म्हटलं, भावोजी, सुटलात. तर माझ्याकडे असे बघायला लागले जसं मी परक्या भाषेत बोलतेय.

सध्या ते नदीवर असतात. लोखंडी चौकटी जोडून उभारायचा पूल मंजूर करून घेतलाय, फौजेत उभारतात तसा, आणि जुन्या पलटणीतले त्यांचे म्हातारे सोबती बिनबोलावता येऊन राहिलेत. मी गेले होते. गेलेल्यांच्या घरची माणसं दोर ओढत होती. मला वाटलं होतं, ती यांच्या तोंडावर थुंकतील. एका बाईने, तिचा नवरा गेलाय, यांच्या डोक्यावर उन्हाचं फडकं टाकलं आणि परत दोराला लागली.

रात्री जेवताना त्यांनी तुझा विषय काढला. पहिल्यांदाच. म्हणाले, "तिच्या कामाच्या ठिकाणी थंडी फार असते का?" मी म्हटलं, तिलाच विचारा. ते म्हणाले, "तिने बोलायचं नाही म्हणून सांगितलंय." तू रागाच्या भरात बोललेलं वाक्य, ठकू, आणि हा माणूस ते आदेशासारखं पाळत बसलाय. तुम्हा बापलेकींपुढे मी हात टेकले.

मावशी


१९ एप्रिल, संध्याकाळ

ठकू,

तू आली होतीस.

मला कळणार नाही असं वाटलं होय? गॅलरीत बसायच्या पासावर कुणातरी सदस्याची सही लागते, आणि तू ती वकीलबाईंची घेतलीस. त्यांनी मला आत्ता सांगितलं. स्टेशनसमोरच्या लॉजवर उतरली आहेस आणि उद्या सकाळच्या गाडीने, कुणालाही न भेटता, जाणार आहेस, हेही सांगितलं. चिडू नकोस त्यांच्यावर. चांगल्या बाई आहेत.

काल पूल चालू झाला, पलीकडची माणसं चालत अलीकडे आली, आणि आज तुझ्या बाबांनी राजीनामा दिला. बोलले तसं केलं. सभागृहात कुणाचाही विश्वास बसला नव्हता. सकाळी प्रतोदसुद्धा येऊन सांगून गेले की ठपका नाही, मग कशाला? तुझे बाबा म्हणाले, "मी सांगितलं होतं ना." जणू विषय तिथेच मिटतो. त्यांच्यापुरता तो खरंच तिथेच मिटतो, आणि हे मी इतक्या जवळून पाहिलं याचं मला अजून नवल वाटतंय.

आता नीट वाच. तुझी गॅलरी त्यांच्या बाकाच्या बरोब्बर मागे, वर. तुला त्यांची पाठ दिसली आणि आवाज ऐकू आला. काय ऐकलंस ते मला माहीत आहे, कारण ते मीच उतरवलं. "नुकसान जे झालं ते भरून आलेलं नाही. ठिकाणी आता पूल आहे. माझी मागणी काही नाही." आवाज नेहमीसारखा, एक सूतही न हललेला. तू मनात म्हणाली असशील, तोच आवाज. त्या सकाळच्या फोनवरचा.

तू वर बसली आहेस हे त्यांना माहीत होतं. वकीलबाईंनी आत शिरताना कानात सांगितलं होतं. पण बोलायला उभ्या राहिलेल्या सदस्याने गॅलरीकडे बघायचं नाही, असा नियम आहे. म्हणून ते वळले नाहीत. मी खाली, त्यांच्या समोर होते. मला चेहरा दिसत होता.

रडत होते, ठकू. पहिल्या शब्दापासून शेवटच्यापर्यंत. पाणी हनुवटीवरून कॉलरमध्ये जात होतं आणि हात बाजूला सरळ होते, त्यामुळे पुसलंही नाही. डोळे माझ्या पेनावर. आणि आवाज तो तसा. मी उतरवता उतरवता आवाजाकडून चेहऱ्याकडे आणि चेहऱ्याकडून आवाजाकडे बघत होते, आणि दोन्ही एकाच माणसाचे आहेत हे माझ्या डोक्यात शिरायला वेळ लागला. नोंदीत यातलं काही नाही. आम्ही फक्त बोललेलं लिहितो.

त्या सकाळी इस्पितळात मी आत होते, तुझ्या आईपाशी. ते बाहेर व्हरांड्यात, भिंतीकडे तोंड करून, तुला फोन करत होते. तू तर कितीतरी लांब. तेव्हा त्यांचा चेहरा कुणीच पाहिला नाही.

बस, मला एवढंच सांगायचं होतं.

हे पत्र टपालात टाकलं तर तुझी गाडी निघून जाईल. म्हणून हातोहात पाठवतेय. नेणाऱ्याला आत काय लिहिलंय ते माहीत नाही, कुणासाठी आहे तेही मी सांगितलेलं नाही. खोलीचा नंबर घातलाय, नाव घातलेलं नाही. लॉजच्या काउंटरवर द्या आणि उत्तर हातात आल्याशिवाय तिथून हलू नका, एवढंच बजावलंय. भावोजी 'बरं' म्हणाले आणि चपला घालून दारात उभे आहेत, मी पाकीट बंद करायची वाट बघत.

उत्तर लिहीत बसू नकोस. खाली ये.

मावशी